चारित्र्याचं वाक्य

परभणीच्या एस.टी. स्टँडवर पत्रक वाटायचं असेल तर माणसाच्या तोंडाकडे बघू नये, हाताकडे बघावं. हातात पिशवी, कडेवर लेकरू किंवा कानाला मोबाईल असला की माणूस कागद घेतो आणि चार पावलांवर टाकून देतो. रिकाम्या हाताच्या माणसाला द्यावं. तो गाडी लागेपर्यंत वाचतो, पुन्हा वाचतो, आणि गाडीला उशीर असला तर आपल्यालाच येऊन विचारतो, "ताई, हे तुमीच लिवलं का? मंग ह्यात आमच्या गावचं नाव कामून न्हाई?"

हा माझा धंदा. पोटापुरतं मानधन मिळतं म्हणून धंदा म्हणायचं. घरचे याला 'नसते उद्योग' म्हणतात. कॉलेज सुटल्यापासून मी एका संघटनेत पूर्णवेळ आहे. दारूबंदी आणि नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाया, ही आमची दोन कामं. रिक्षावर भोंगा बांधून गावं फिरते, पोलीस ठाण्याच्या बाकावर बाईच्या शेजारी तासन् तास बसते, पण माझं खरं काम पत्रक लिहिण्याचं. ते भाऊंनी शिकवलं. भाऊ म्हणजे संघटना काढणारे, साठी ओलांडलेले, अजूनही सायकलवर फिरणारे. "विशेषण दिसलं की खोड. तरी वाक्य उभं राहिलं तर ते खरं," असं ते म्हणतात. मोबाईल आले, पत्रक मेलं नाही. आम्ही मुद्दाम गुलाबी कागद घेतो. तो बायांना आवडतो, त्या त्यात भाकरी बांधतात, आणि नवरा शेतात भाकरी सोडतो तेव्हा त्याला आमचं म्हणणं वाचावंच लागतं.

दिवाळी अंकात लोक नामवंतांच्या आठवणी लिहितात. मीही एका नामवंताची लिहिते. त्याचं नाव लिहिणार नाही, आणि कुणाच्या भीतीने तर मुळीच नाही. ते नाव मी इतक्या पत्रकांवर इतक्या मोठ्या टायपात छापून घेतलंय की आता हात उठत नाही. आपण त्याला शाहीर म्हणू. सगळा जिल्हा तेच म्हणतो.

शाहिराचं दारूवरचं एक गाणं आहे. आमची रिक्षा गावात शिरायची ती या गाण्यासकट. शाहीर दारुड्या नवऱ्याची अशी नक्कल करतो की पहिल्या रांगेत बसलेला दारुडाही हसतो. हसून लोटपोट झालेल्या त्या मैदानात मग मागून एका बाईचा आवाज उठतो: "चूल का गं गार, माये, चूल का गं गार?" आणि हसणारं मैदान गप्प होतं. बाया पदर तोंडाला लावतात. त्या आवाजाला झील म्हणतात. शाहीर ओळ संपवतो, मागचा माणूस तिचं शेवटचं टोक उचलून लांबवतो, तेवढ्यात शाहीर दम घेतो. बाहेरच्याला वाटतं झिलकरी म्हणजे मागे उभे राहून 'जी जी' करणारे. तसं नाही. शाहीर दम घेत असतो तेव्हा गाणं झिलकऱ्याकडे असतं.

ही झील धरणारी मथुराबाई. शाहिराची बायको.

ती एका दुपारी कार्यालयात आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. पदर तोंडावर, ओठ सुजलेला. ती "पाणी हाय का?" म्हणाली आणि मी उडालेच. तो आवाज मी रोज भोंग्यातून ऐकत होते.

"काय झालं, बाई?"

"काय व्हायचं. सोनपेठच्या कार्यक्रमात लोकांनी झील पुन्हा मागितली."

"मग?"

"मंग काय. त्यांची ओळ न्हाई मागितली."

भाऊ समोर बसले होते. त्यांनी चष्मा काढला.

"रस्त्यानं बोलले न्हाईत," ती सांगत होती. "घरी आल्यावर म्हणले, ढोलकीवाल्याकडं बघून गायलीस. आता, ताई, ढोलकीवाल्याकडं बघितल्याबिगर झील धरता येती का? ठेका त्याच्या हातात असतोय. न्हाई तर काय भिंतीकडं बघून गावं?"

"पिऊन होते का?" मी सवयीने विचारलं. आमच्याकडे तो पहिला प्रश्न असतो.

"ते कुटं पितात? सुपारीचं खांड घेत न्हाईत."

शाहीर शुद्धीत मारतो. आमच्याकडे कपाटभर पत्रकं होती आणि शुद्धीत मारणाऱ्यासाठी त्यांत एक ओळ नव्हती.

मी म्हटलं, केस करू. ती म्हणाली, "केस करून काय? ते तारखेला येतील आन् लोक त्यांच्यासंग फोटू काढतील. मला गायला लावा, ताई. मला दुसरं काय येतंय? पिंगळीला भावाकडं हाय मी. भावजय वाईट न्हाई, पर ताटावर बसलं की बघती. माझी पार्टी उभी करून द्या. दोन-चार कार्यक्रम मिळाले की मी कुणाच्या उपकारात न्हाई."

भाऊंनी तिथल्या तिथे शब्द दिला: आपल्या मेळाव्यात पहिलं गाणं तुमचं. मीही कामाला लागले. पेटीला एक रिटायर मास्तर मिळाले. झिलीला दोन पोरी मिळाल्या. ढोलकीचं अवघड झालं. तोच जुना ढोलकीवाला यायला तयार होता, पण त्याला घेतलं असतं तर शाहीर म्हणत होता ते खरं ठरलं असतं. शेवटी दुसरा शोधला, कच्चा. मथुराबाई आयुष्यात पहिल्यांदा पुढे उभी राहिली आणि तिच्या ओळीचं टोक दुसऱ्या कुणी उचललं. तालमीत ती पहिल्या कडव्यानंतर थांबली आणि हसायला लागली. म्हणाली, "दम घ्यायचं ध्यानातच न्हाई माझ्या."

मग कार्यक्रमांच्या सुपाऱ्या मिळवायला निघालो. देवगाव फाट्यावरच्या हॉटेलात एका गावच्या उत्सव कमिटीचे अध्यक्ष भेटले. भला माणूस, चहा आधी, बोलणं नंतर.

"गळा म्हणाल तर त्या बाईसारखा गळा मराठवाड्यात न्हाई," ते म्हणाले.

"मग तारीख द्या."

"पर ताई, मामला जरा तसला हाय ना."

"कसला?"

"आता कसं सांगावं. चारित्र्याचा. गावात आया-बहिणी हायत."

"गेल्या साली तुमच्याकडे शाहीर आले होते. तेव्हा आया-बहिणी परगावी गेल्या होत्या का?"

हॉटेलवाला हसला. अध्यक्ष हसले नाहीत.

"शाहिराचं वेगळं हाय. कलाकार माणूस. त्याचं घरचं आपल्याला काय करायचंय? आपल्याला गाण्याशी मतलब."

"मग तिच्याही गाण्याशी मतलब ठेवा की."

"तुमी शब्दात धरायलाव, ताई. चहा गार व्हायलाय, घ्या."

पुढच्या गावांत माणसं बदलली, चहाचे कप बदलले, हे बोलणं बदललं नाही. शाहिराने मारलं हे कुणी नाकारलं नाही. मारलं असेल, त्याला आपण काय करणार, गाणं बघा ना. तिच्या बाबतीत मात्र कुणालाच गाणं बघायचं नव्हतं. एकाच माणसाच्या एकाच श्वासात दोन कायदे. आणि तिच्याविरुद्ध पुरावा काय? तर तिच्या नवऱ्याने तिला मारलं, हाच. उगाच कोण मारतं?

पेपरांत बातमी येते: 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीस मारहाण'. ही कात्रणं कापणं माझ्या कामात येतं. पत्नीने पतीच्या चारित्र्याच्या संशयावरून काही केल्याचं कात्रण मी अजून कापलेलं नाही. बाप्यांना चारित्र्य नसतं की काय? असतं. पण त्यांचं चारित्र्य बातमीत येत नाही, मानपत्रात येतं.

आता मानपत्राचं सांगते, कारण सगळं तिथेच अडकलं.

येलदरीच्या रस्त्याला एक मोठं गाव आहे. तिथल्या दारू दुकानाविरुद्ध बायांनी मतदान मागितलं होतं. अशा मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. ऐकायला सोपं. पण आलेल्या बायांच्या निम्म्या मतांवर भागत नाही, यादीतल्या सगळ्या बायांच्या निम्म्याहून जास्त लागतात. जी घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीला गेलं असंच समजायचं. मतदानाआधी त्या गावात आमचा मेळावा ठरला, तोच ज्यात मथुराबाईचं पहिलं गाणं होतं. आणि भाऊ मला म्हणाले, "मेळाव्यात शाहिराचा सत्कार करू. मानपत्र तू लिही."

"भाऊ, मथुराबाई तुमच्यासमोर बसली होती."

"विसरलो नाही मी."

"मग?"

"मग मतदान. त्या गावच्या बाया घराबाहेर कुणासाठी येतील? तुझ्या पत्रकासाठी? माझ्या भाषणासाठी? दुकान बंद झालं तर किती चुली पेटतील याचा विचार कर. कला वेगळी, माणूस वेगळा. आपण मानपत्र कलेला देतोय."

भाऊंचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि मला जास्त त्रास त्याचाच झाला. मलाही कळतं की पोटात गाठ झाली तर माणूस डॉक्टरच्या हाताचं यश बघतो, त्याच्या बायकोला विचारायला जात नाही. शाहिराचं गाणं वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही. ते ऐकलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो, आणि त्याचा मला राग येतो.

मानपत्र हा पत्रकाच्या उलटा धंदा. पत्रकात विशेषणं खोडायची, इथे पेरायची. 'आपण' आणि 'आपले' सोडून तोंडातून दुसरा शब्द नाही. आणि तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य येतंच: 'आपले निष्कलंक चारित्र्य तरुण पिढीस दीपस्तंभासमान आहे.' पैलवान असो, पतसंस्थेचा चेअरमन असो, निवृत्त तहसीलदार असो, वाक्य हेच. आमच्या प्रेसवाल्याच्या कम्प्युटरमध्ये ते तयारच असतं. परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, दीपस्तंभ मात्र गल्लोगल्ली.

मी भाऊंचं शब्दशः ऐकलं. कला वेगळी काढली. आपला आवाज मैदानाच्या टोकाला भोंग्याशिवाय पोहोचतो, असं लिहिलं. आपली नक्कल बघून दारुडाही हसतो, असं लिहिलं. आणि लिहिलं: 'आपल्या या गाण्याची झील मथुराबाईंनी धरली आणि त्या झिलीने गावोगावच्या बायांना रडवलं.' घरातलं अक्षर लिहिलं नाही. चारित्र्याचं वाक्य अर्थातच नाही.

भाऊंनी वाचलं. मग म्हणाले, "झिलीचं काढ."

"का? ती कलाच आहे ना?"

त्यांनी स्वतःच्या पेनने ती ओळ खोडली. "बाकीचं राहू दे. चांगलं झालंय."

मेळावा तोंडावर आला तेव्हा शाहीर कार्यालयात आला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हात जोडूनच आत. मानपत्र फ्रेम होऊन आलेलं होतं. त्याने ते उचललं आणि मोठ्याने वाचलं, आणि खरं सांगते, माझीच वाक्यं मला त्याच्या तोंडून जास्त चांगली वाटली.

"कोणी लिवलं?"

"हिनं," भाऊ म्हणाले.

"बाळ, वजन हाय तुझ्या अक्षराला." मग त्याने फ्रेम उलटी करून मागची बाजू बघितली, जणू काही राहिलेलं तिकडे छापलेलं असेल. पुन्हा सुलटी केली. "पर माझं चारित्र्य कुटं हाय?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "शाहीर, हे कलेचं मानपत्र आहे. कला वेगळी, माणूस वेगळा. भाऊच म्हणाले."

"असं कसं वेगळं?" त्याला खरोखर समजेना. "ज्याचं चारित्र्य न्हाई त्याच्या गळ्यात सरस्वती बसती का? सगळ्यांच्या मानपत्रात ते वाक्य असतंय. माझ्याच्यात न्हाई म्हणल्यावर लोक काय म्हणतील? भाऊ, माझी काही तकरार न्हाई, पर ही इज्जतीची गोष्ट हाय."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. नाटक नव्हतं ते. नाटक कसं करतो ते मला माहीत आहे.

आणि मला हसू यायला लागलं, कडू. कला आणि माणूस वेगळे करता येत नाहीत, हे गावोगावचे चहा पिऊन माझं मत झालं होतं. अख्ख्या जिल्ह्यात माझ्याशी सहमत असलेला एकच माणूस निघाला, तो म्हणजे शाहीर. 'वेगळं करा' म्हणणाऱ्या कुणालाच ते वेगळं करायचं नसतं. गळ्याच्या जोरावर माणसाला चारित्र्याचा दाखला मिळवून द्यायचा असतो, आणि कुणी दाखला तपासायला गेलं की म्हणायचं, गळा बघा हो, घरचं कशाला काढता.

भाऊंनी प्रेसला फोन लावला. वाक्य तयारच होतं. जाता जाता शाहीर उंबऱ्यातून म्हणाला, "आन् भाऊ, ती स्टेजवर नको. मला गाता यायचं न्हाई."

भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला पुढच्या वेळी."

मी मानपत्र वाचायला नकार दिला. गावच्या शाळेतल्या एका सरांनी वाचलं, शुद्ध, खणखणीत. चारित्र्याच्या वाक्यावर सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. मग शाहीर गायला. मैदान हसलं. आणि झिलीच्या जागेला भोंग्यातून मथुराबाईचाच आवाज उठला. त्याच्या पार्टीतल्या नव्या पोरीला ती जागा जमत नव्हती म्हणून शाहिराने जुन्या रेकॉर्डिंगमधली झील कापून पेनड्राइव्हवर आणली होती. माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "कोन गायलीय गं ही?"

"मथुराबाई."

"कुटं बसलीया? दिसंना."

"पिंगळीला."

"आं? मंग इथं कोन गायलीय?"

मी भोंग्याकडे बोट दाखवलं.

आडवी बाटली जिंकली. बाया खरंच बाहेर पडल्या. एक ओली बाळंतीण खाटेवरून रिक्षात बसून आली. दुकानाला सील लागलं तेव्हा मी रडले, आणि ते रडणं आनंदाचं होतं, ते मी कुणाला नासवू देणार नाही. भाऊ एवढंच म्हणाले, "बघ." मी बघितलं. मी संघटना सोडलेली नाही. मैत्रिणी म्हणतात, सोडायला पाहिजे होती. सोडून कुठे जाऊ? बाया या कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसतात, मैत्रिणींच्या नव्हे. आता आमच्या पत्रकात शुद्धीत मारणाऱ्यासाठी ओळ आहे. मानपत्र मात्र मी लिहीत नाही.

दुकान बंद झाल्याचा कार्यक्रम करायचं गावातल्या बायांनी ठरवलं आणि गाणं कुणाचं ठेवायचं ते विचारायला मला बोलावलं. मी उड्या मारत गेले. कमिट्यांचे बाप्ये वेगळे, या बाया वेगळ्या. यांनी मार खाल्लाय. मथुराबाईला स्टेज मिळणार असेल तर ते इथेच.

समाजमंदिराच्या ओट्यावर बसलो. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बचत गटाची अध्यक्ष माझ्याजवळ बसली होती. तिच्या पाठीवरचे वळ मी डोळ्यांनी पाहिले होते.

"गाणं तर तिचंच हाय की," एक म्हातारी म्हणाली.

"गाणं तिचं आसंल, मावशी. नाव तर त्याचं हाय," दुसरी म्हणाली.

अध्यक्षीणबाई पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. शेवटी म्हणाली, "ताई, तुमचं सगळं खरं हाय. पर तिला बोलवलं तर माझा मालक म्हणंल, तूबी तसलीच. आता कुटं तो माणसात यायलाय." आणि मग, हळू, दुसऱ्याच कुणाचं तरी वाक्य बोलल्यासारखी: "शाहीरच बोलवा. त्याचं घरचं आपल्याला काय करायचंय."

हात वर झाले. तिच्यावर रागावण्याचा मी खूप प्रयत्न केला. जमलं नाही.

पिंगळीला गेले. मथुराबाई स्टेशनाच्या पलीकडे कापूस वेचत होती, दुसऱ्याच्या रानात. पेटीवाले मास्तर आजारी पडले होते, पोरींची लग्नं ठरली होती, तालीम कधीच बंद झाली होती. आशा या एका कार्यक्रमाची राहिली होती. तोही शाहिराला गेला, हे मी बांधावर उभी राहून सांगितलं. ती वेचतच राहिली. शिव्या देईल असं वाटलं होतं. मी तयारीने गेले होते.

"झील कोण धरणार हाय?" तिने विचारलं.

"कुणी नाही. पेनड्राइव्हच लावतात आता."

तिने कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस दाबला आणि पुढच्या झाडाकडे सरकली.

"मंग मला कायला बोलवतील, ताई? मी हायच की तितं."